‘कायम माणसे कमी ठेवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

भोसरीचा सेटर :
चाकणच्या एका लघुउद्योजकाची पोस्ट काल बरीच फिरली. तिचा सारांश असा, की विजेच्या गाड्यांमुळे इंजिनाच्या सुट्या भागांचा भरवसा राहिलेला नाही, वाहन कंपन्यांचे शेडूल (माल कधी, किती हवा याचे वेळापत्रक) महिन्यागणिक बदलते, म्हणून पाचात एकच माणूस कायम ठेवावा, उरलेले ठेकेदाराकडून घ्यावेत आणि घेताना कौशल्यापेक्षा ‘वृत्ती’ पाहावी. विजेच्या स्कूटरला पिस्टन नसतो आणि व्हॉल्व्हही नसतो, हे आयुष्यभर यंत्रे जुळवून व्हॉल्व्ह गाइड (इंजिनाचा व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो ती नळी) करत आलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. परंतु हा पाचवा, कायम माणूस तयार कुठे होतो? आमच्याकडे रात्रपाळीत एका नव्या मुलाने यंत्राला टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराच्या जागेची दुरुस्ती) देताना ०.०२ ऐवजी ०.२ टाकले. शेजारच्या यंत्रावरील जुन्या कामगाराला कापण्याचा आवाज बदललेला कळला, त्याने यंत्र थांबवले आणि एका जॉबवर निभावले. पुढे खर्चकपातीत तोच कामगार गेला, आणि तशीच चूक पुन्हा झाली तेव्हा सकाळी अख्खी ट्रॉली भंगारात टाकावी लागली. त्या मुलाच्या वृत्तीत काहीही खोट नव्हती.

चाकणकर उद्योजक :
पोस्ट माझीच आहे. सेटरसाहेबांना पगार घेण्याचा अनुभव आहे, देण्याचा नाही, म्हणून थोडी उजळणी करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे निकष लागू होणार होते आणि त्याच्या आठवडाभर आधी टाळेबंदी आली. जुन्या मॉडेलचा माल माझ्याकडे पडून राहिला, पण बँकेचा हप्ता थांबला नाही. पुढे विजेच्या मोटरच्या भागांसाठी कर्ज काढून यंत्र घेतले, तर एप्रिल २०२५ मध्ये चीनने या मोटरना लागणाऱ्या दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि ते काम रखडले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि ज्या पेट्रोल गाड्या संपल्या म्हणून सगळे सांगत होते, त्यांच्याच भागांसाठी रविवारी कारखाना चालवावा लागला. यांपैकी कोणत्या महिन्याच्या भरवशावर मी कायम नेमणुकीचे पत्र द्यायचे होते, तेवढे सांगावे.

आयटीआय फिटर :
आपल्याला रविवारी माणसे मिळाली, कारण आम्ही ब्रेकवर, म्हणजे मुद्दाम पाडलेल्या खंडात, घरी बसलो होतो. कायद्याने वर्षाची सलग सेवा धरली जाते ते २४० दिवस भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात गेटपास काढून घ्यायचा, महिनाभराने दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच यंत्रावर उभे करायचे, आणि वर मुले टिकत नाहीत म्हणून रडायचे, हा प्रकार मी तीन कारखान्यांत सोसला आहे. एका ठेकेदाराने पीएफ कापला, तो खात्यावर आजही दिसत नाही.

मनुष्यबळवाली :
पीएफची तक्रार रास्त आहे, मात्र तो वेगळा विषय आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. मुदतीच्या नेमणुकीत कामगार थेट कंपनीच्या हजेरीपटावर येतो आणि त्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मग मध्ये ठेकेदार हवाच कशाला?

आयटीआय फिटर :
वेगळा विषय कसा? पगारपत्रकावर सही आपलीच असते ना? त्याच संहितेने कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली, हे सांगायचे बाईसाहेब सोयीस्करपणे विसरल्या.

मनुष्यबळवाली :
विसरले नाही. येथे चर्चा पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यांची चालली आहे. त्यांना ती परवानगी आधीही लागत नव्हती. आणि ‘बाईसाहेब’ हा टोमणा आपल्यापाशीच ठेवावा.

चाकणकर उद्योजक :
ठेकेदाराच्या पापांचा हिशेब माझ्या डोक्यावर मारू नये. शिवाय ज्या मुलाला मी सीएनसी (संगणकावर चालणारे यंत्र) शिकवले, तो थोड्या जास्त पैशांसाठी रांजणगावला निघून गेला. त्याची वृत्ती मी पाहिली होती.

भोसरीचा सेटर :
त्याच्या हातात कोणते पत्र होते? प्रशिक्षणार्थी म्हणूनच ठेवले असेल, तर त्याने आपल्याच पोस्टचा सल्ला पाळला असे म्हणावे लागेल : अनिश्चित काळ आहे, कुणाशी बांधून घेऊ नये. एक मात्र मान्य करतो, की शेडूल फिरवून नामानिराळ्या राहणाऱ्या बड्या कंपन्यांना या धाग्यात कुणीच जाब विचारलेला नाही. तो आपण विचाराल, अशी आशा मी बाळगत नाही.

चाकणकर उद्योजक :
आपण त्यांच्या खरेदी विभागासमोर एकदा बसून पाहावे. असो. सेटर कायम असावा, एवढे मी मानतो. हेल्परबाबत मत बदललेले नाही. दुसऱ्या पाळीला सेटर हवा आहे, कुणी असल्यास कळवावे.

आयटीआय फिटर :
कायमचे पत्र पहिल्याच दिवशी मिळणार का?

चाकणकर उद्योजक :
सहा महिन्यांच्या प्रोबेशननंतर.

आयटीआय फिटर :
म्हणजे सातव्या महिन्यात. तो महिना आमच्या चांगलाच ओळखीचा आहे.