मदत हवी आहे: अडासवाल्या (कॅमेऱ्याने रस्ता बघून ड्रायव्हरला मदत करणाऱ्या) गाडीची पुढची काच बदलायचीय

मंडळी, समृद्धीवर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि काचेला टिचकी बसली. आधी मुगाएवढी खूण होती, म्हटलं रेझिन भरून भागेल, पण बाहेर रणरणतं ऊन आणि आत फुल एसी, रेघ सरकत सरकत बरोब्बर आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर आलीय, म्हणजे आता काच बदलण्याशिवाय इलाज नाही. गाडी एक्सयूव्ही ७००, अडासवाली. लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारी सोय) सध्या बंदच ठेवलंय.

बाहेरचा काचवाला म्हणतो साहेब कॅमेरा आहे तसा परत बसवतो, कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची दिशा पुन्हा अचूक जुळवणं) वगैरे काही लागत नाही. मला नाही पटत. कॅमेरा एक अंश जरी हलला तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे अर्धी लेन झाली की! मग नको तिथे ब्रेक मारणार आणि हवा तिथे गप्प बसणार. सर्व्हिस सेंटरवाले करून देऊ म्हणतात, पण कसं करता विचारलं की गोलगोल उत्तरं.

तर संभाजीनगर किंवा नाशिकला कुणी हे कॅलिब्रेशन केलंय का? समोर टार्गेट बोर्ड (खुणांचा फलक) लावून करतात की नुसती रस्त्यावर चालवून? नंतर रिपोर्टची प्रिंट देतात का? इन्शुरन्स क्लेममध्ये काचेला घसारा लागत नाही हे माहितीये, कंपल्सरी डिडक्टिबलचे (आपल्या वाट्याचे) २००० कापतील तेही ठीक, पण कॅलिब्रेशनचं बिल इन्शुरन्सवाले पास करतात का? की एनसीबी (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) वाचवायला खिशातूनच भरलेलं परवडतं?