लेट्रोझोल घेऊनही पाळीच्या बाराव्या दिवशी फॉलिकल 11 मिमीच, पुढे काय?

प्रश्न
पीसीओएस (अंडाशयात अंडं वेळेवर न पिकण्याचा हार्मोनचा त्रास) आहे, पाळी दोन-दोन महिने लांबते. गोळ्यांनी पाळी आणून गर्भ राहावा म्हणून तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत लेट्रोझोल (अंडं पिकायला मदत करणारी गोळी) 2.5 मिग्रॅ घेतलं. बाराव्या दिवशी सर्वांत मोठं फॉलिकल (अंडं असलेली पिशवी) 11 मिमी, गर्भाशयाचं अस्तर 6 मिमी. हा महिना वाया गेला का? आता डोस वाढवतात की थेट एफएसएचची (फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं?

प्रतिसाद 1
इतक्यात निकाल लावू नका. पीसीओएसमध्ये फॉलिकल उशिरा वाढीला लागतं, पण 10 मिमी ओलांडल्यावर बहुधा रोज दीड-दोन मिमी वाढतं. तीन-चार दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करा. 18-20 मिमी झालं की एचसीजीचं (अंडं फुटायला लावणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण 36 तासांनी अंडं फुटतं. इंजेक्शनच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस संबंध ठेवा. वाढलंच नाही तर पुढच्या वेळी लेट्रोझोल 5 मिग्रॅ, मग 7.5. ज्या डोसवर अंडं फुटतंय तो मात्र उगाच वाढवू नये.

प्रतिसाद 2
एफएसएचच्या इंजेक्शनांची घाई अजिबात नको. पीसीओएसच्या अंडाशयात लहान फॉलिकल ढिगानं असतात. एफएसएच थोडं जास्त झालं तरी चार-पाच एकदम वाढतात आणि जुळं-तिळं राहण्याचा धोका येतो. म्हणून रोज 37.5 ते 75 युनिटवर सुरुवात करून निदान आठवडाभर, कधी दोन आठवडे, डोस तोच ठेवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी धीर सुटून डोस वाढवला की गणित तिथेच बिघडतं. तीन-चार फॉलिकल मोठी झाली तर एचसीजी देत नाहीत, संबंधही टाळायला सांगतात. एचसीजीनंतर पोट फुगलं, उलट्या झाल्या, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ती
आणि अस्तर? क्लोमिफेननं (याच कामाच्या दुसऱ्या गोळीनं) पातळ होतं म्हणतात.

प्रतिसाद 1
क्लोमिफेन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं आणि अस्तरावर इस्ट्रोजेनचं काम अडवतं. लेट्रोझोल काही दिवसांत निघून जातं. फॉलिकल वाढलं की इस्ट्रोजेन चढतं, अस्तरही जाड होतं. आज 6 आहे म्हणून काळजी नको.

प्रतिसाद 3
प्रोजेस्टेरॉन (अंडं फुटल्यावर वाढणारं हार्मोन) ठरवून एकविसाव्या दिवशी तपासू नका. अंडं विसाव्या दिवशी फुटलं तर तो रिपोर्ट उगाच कमी येईल; फुटल्यावर सात दिवसांनी तपासा. एलएचच्या (अंडं फुटण्याआधी वाढणाऱ्या हार्मोनच्या) घरगुती पट्ट्यांवरही विसंबू नका, पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढं असू शकतं. एचसीजी घेतल्यावर दोन आठवडे घरी प्रेग्नन्सी टेस्ट नको, इंजेक्शनमुळेच दुसरी रेघ उमटते. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली नसेल तर पुढची गोळी घेण्याआधी ती करून घ्या.