इंग्रजी म्हणी-वाक्प्रचार वाक्यात वापरताना: अनुभव धागा

अर्थ पाठ असतो, पण वाक्यात घालायची वेळ आली की गाडी अडते. शिकवणाऱ्या, तपासणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या मंडळींनी नेमकं काय चुकतं ते उदाहरणांसह लिहावं.

शाळेत इंग्रजी शिकवते
म्हण आहे की वाक्प्रचार, हे आधी ठरवा. म्हण हे अख्खं वाक्य असतं. गोष्ट कालची असली तरी 'अ स्टिच इन टाइम सेव्ज नाइन'मधल्या 'सेव्ज'चं 'सेव्ह्ड' करायचं नाही. म्हणीआधी 'ॲज द सेइंग गोज' आणि स्वल्पविराम टाकला की ती वाक्यात नीट बसते.
वाक्प्रचारातलं क्रियापद मात्र काळाप्रमाणे बदलतं. 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' म्हणजे शक्य ते सगळे प्रयत्न करणं. 'ही लेफ्ट नो स्टोन अनटर्न्ड' व्याकरणात बरोबर आहे, तरी गुण कापले जातात आणि ते योग्यच आहे, कारण अर्थ कळल्याचं त्यातून दिसत नाही. 'द पोलीस लेफ्ट नो स्टोन अनटर्न्ड टु फाइंड द मिसिंग चाइल्ड' असं लिहा. कोणी आणि कशासाठी, हे आलंच पाहिजे.

संपादन
शब्दकोशातले 'वन्स' (ओ-एन-ई-एस, 'स्वतःचा') आणि 'समवन्स' ('दुसऱ्या कोणाचा') नीट पाहा. 'बाइट वन्स टंग' (बोलायचं मोठ्या कष्टानं टाळणं) यात कर्त्याची स्वतःची जीभ: 'शी बिट हर टंग'. 'पुल समवन्स लेग' यात दुसऱ्याचा पाय: 'शी पुल्ड हिज लेग'. कोशातलं 'वन्स' जसंच्या तसं उचलून 'शी बिट वन्स टंग' लिहिलेलं फार वेळा दिसतं.

भाषांतर
वरच्याच पायाबद्दल. मराठीत पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं, इंग्रजीत ती निव्वळ थट्टा. त्यामुळे सहकाऱ्यांनी 'लेग पुल' केल्यामुळे बढती हुकली, हे इंग्रजी वाचकाला कळणारच नाही.
'बर्न द कँडल ॲट बोथ एन्ड्स' कौतुक म्हणून वापरतात, तेही चूक. रात्री उशिरा झोपून पहाटे उठून स्वतःची दमछाक करून घेणं, असा त्यात इशारा आहे. रात्र-रात्र जागून केलेल्या अभ्यासाला 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हणा.

मुद्रितशोधन
कानाला सारखे वाटणारे शब्द घात करतात. 'टो द लाइन'मधला 'टो' म्हणजे पायाचं बोट, टी-ओ-ई. रेषेला बोटं लावून उभं राहायचं, म्हणजे शिस्तीत वागायचं. टी-ओ-डब्ल्यू लिहिलंत तर रेषा दोरानं ओढून न्यावी लागेल! 'फ्री रेन'मधला 'रेन' लगामाचा, आर-ई-आय-एन. त्यात 'जी' घुसला की ती राजवट होते. दोन्ही स्पेलिंगं खऱ्या शब्दांची असल्यानं साधा स्पेलचेकर गप्प बसतो.

व्याकरण
कर्तरीचा कर्मणी प्रयोग करताना जपा. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण 'द बकेट वॉज किक्ड बाय हिम' म्हटलं की मरण जातं आणि खरीखुरी बादली उरते. 'द कॅट वॉज लेट आउट ऑफ द बॅग' मात्र चालतं, कारण त्या मांजराला गुपित म्हणून वेगळा अर्थ आहे. बादलीला तसा नाही. आणि 'किक द बकेट' शोकसंदेशात कधीच नको. कोशात 'इन्फॉर्मल' असा शेरा असतो, तो वाचल्याशिवाय कुठलाही वाक्प्रचार पत्रात घालू नये.

शाळेत इंग्रजी शिकवते
एक राहिलं. 'वन्स इन अ ब्लू मून' (क्वचित कधीतरी) सहसा वाक्याच्या शेवटी आणि साध्या काळात: 'ही व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून'. तिथे 'इज व्हिजिटिंग' नको.