‘कैसर-ए-हिंद’ : तो, ती की ते?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या भाचीने शाळेच्या वहीत कैसर-ए-हिंद या फुलपाखराविषयी ‘कैसर-ए-हिंद उडाली’ असे लिहिले आणि तिच्या आजींनी लाल पेन्सिलीने त्याचे ‘उडाला’ केले. बरोबर कोण, या प्रश्नावर माझे मत असे की दोघीही नाहीत.

भाचीची ‘ती’ कुठून आली हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. घरात फुलपाखरू आणि उंबऱ्याबाहेर तितली, त्यामुळे लिंग तितलीचेच चिकटते. आजींचा ‘तो’ कैसर म्हणजे बादशहा या अर्थावर उभा आहे. परंतु रोमन ‘सीझर’पासून आलेल्या या शब्दाला ‘हिंद’ जोडून केलेला किताब एका बाईचा होता. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात तो व्हिक्टोरिया राणीच्या नावे जाहीर झाला, तेव्हा आपल्या ग्वाल्हेरच्या महाराज जयाजीराव शिंद्यांनी उठून तिला ‘शहेनशाह पादशाह’ असेच संबोधले होते. फारसीत व्याकरणिक लिंगच नाही, तेव्हा त्यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

फुलपाखराचे टेनोपाल्पस इम्पेरिअलिस हे शास्त्रीय नाव मात्र १८४३ मधले, म्हणजे किताबाच्या चौतीस वर्षे आधीचे आहे. त्यातली ‘इम्पेरिअलिस’ची बादशाही व्हिक्टोरियाची नव्हे, प्रचलित नाव किताबानंतर पडले असावे.

शिवाय प्रत्यक्ष थाट पाहिला तर ‘तो’ आणखी लंगडा पडतो. हिरव्याकंच नराच्या मागच्या पंखांवर पिवळाजर्द डाग आणि प्रत्येकी एक लांब शेपटी असते, तर मादी आकाराने मोठी असून तिच्या शेपट्याही जास्त असतात. पूर्व हिमालयात साधारण सहा ते दहा हजार फुटांवरच्या जंगलात, ऊन चढले की नर झाडांच्या शेंड्यांवरून झपाट्याने उडतात. सुरवंट मॅग्नोलियाची, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या भाऊबंदांची, पाने खातो.

या फुलपाखराला ‘हिंदसम्राट’ म्हणावे असेही कोणी सुचवतात, पण तो प्रतिशब्द मला पटत नाही, कारण त्यात पुल्लिंग पुन्हा मागच्या दाराने आत येते. ब्लू मॉर्मन फुलपाखराचे ‘राणी पाकोळी’ हे नाव स्त्रीलिंगी चालते, ते पाकोळी हा शब्दच स्त्रीलिंगी आहे म्हणून. कैसर-ए-हिंदला फुलपाखराचे नपुंसकलिंग द्यावे आणि ‘कैसर-ए-हिंद उडाले’ असे लिहावे. नर-मादीचा भेद सांगायचा असेल तेथे ‘कैसर-ए-हिंदची मादी उडाली’ म्हटले की भाचीची ‘उडाली’ही वाचते.