मदत हवी आहे: नाशिकमध्ये एकटीला संध्याकाळ खायला उठते

नमस्कार मंडळी. मी सुरगाण्याकडची, एस.वाय.ला आहे. गंगापूर रोडजवळ कॉट बेसिसवर राहते.

दिवस लेक्चर, प्रॅक्टिकलमध्ये निघून जातो. संध्याकाळी मेसचा डबा उघडून एकटीच जेवायला बसले की घास उतरत नाही. घरी सात जणांची पंगत असायची. आई फोनवर विचारते, "जेवलीस का गं?" मी हो म्हणते. खरं सांगितलं तर ती रात्रभर झोपणार नाही.

रूममेट वाईट नाहीत, पण त्यांचा ग्रुप आधीचाच. माझी बोली ऐकून हसतात. मनात काही नसतं त्यांच्या, तरी मी गप्प होते. रविवारी गोदाघाटावर जाऊन बसते, तर तिथल्या गर्दीत उलट जास्तच एकटं वाटतं. असं कुणाला झालंय का?

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन केला होता. मराठीत बोलता आलं, रडले, हलकं वाटलं. पण मला रोज भेटणारी माणसं हवी आहेत.

सार्वजनिक वाचनालयात (१८४० सालचं आहे म्हणे!) नाव घालू का? तिथे ओळखी होतात, की सगळे मान खाली घालून वाचतात? सकाळी पांडवलेणी चढणारा मुलींचा ग्रुप आहे का? मी सिटीलिंक बसने येईन.

आणि घरापासून लांब शिकलेल्या ताई-दादांनो, तुम्ही पहिली ओळख कशी केलीत? अगदी काय बोललात, तेही सांगा.