फॉरेन बॉडीला मराठीत काय म्हणावं? आणि ‘हात’ नेमका कुठून कुठपर्यंत?

ऐरोलीची कोडर:
मी ऐरोलीत मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक दुखण्याला त्यांच्या आयसीडी-१०-सीएम या आजार-जखमांच्या कोडयादीतला कोड लावायचा, हे काम. मामांचा वागळे इस्टेटला छोटा कारखाना आहे. तिथल्या प्रथमोपचार वहीला नवे मराठी रकाने करून देशील का म्हणाले, मामांना नाही कसं म्हणणार? जुन्या वहीत एक नोंद सापडली : ‘हाताला काच लागली. ड्रेसिंग केले.’ संपलं.

मी तिथेच अडले. उजवा की डावा? दंड की कोपराखाली? काच चाटून गेली की आत राहिली? आमच्याकडे उजव्या दंडाचं लॅसरेशन, म्हणजे कापलेली-फाटलेली जखम, आत काही नाही, तर एस४१.१११. आत काही असेल तर एस४१.१२१. तेच कोपराखाली झालं तर एस५१.८२१, आणि मनगटापासून पुढे गेलं की सगळा विभागच बदलतो, एस६१. आपल्या एका ‘हाता’ची तिथे तीन घरं.

तर प्रश्न दोन. फॉरेन बॉडीला, म्हणजे बाहेरून अंगात शिरलेल्या वस्तूला, काय म्हणू? भाषांतराच्या यंत्रानं ‘परदेशी शरीर’ दिलं, ते वाचून मामा म्हणाले, “गोरा साहेब घुसला का दंडात?” आणि दुसरा, कोपर ते मनगट या भागाला रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता?

नौपाड्याच्या निवृत्त शिक्षिका:
अगं, शब्द घरातच आहे. शल्य! बाणाचं टोक, काटा, अंगात रुतून बसलेलं काहीही म्हणजे शल्य, आणि ते काढायची विद्या म्हणून शल्यतंत्र. सुश्रुतसंहितेत आत हरवलेलं शल्य कसं हुडकावं याचा सूत्रस्थानात वेगळा अध्याय आहे, प्रनष्टशल्य नावाचा. शल्यचिकित्सक ही पाटी आपण रोज वाचतो आणि तिच्या पोटात तुझी फॉरेन बॉडी बसलीय हे लक्षात येत नाही. त्याच शल्याचं ‘सल’ झालं, त्यावरून ‘सलणं’.

अडचण एवढीच की मराठीत शल्य आता शरीरातून उठून मनात गेलंय. वहीत ‘कामगाराच्या दंडात शल्य’ लिहिलंस तर वाचणारा विचारेल, पगारवाढ नाकारली का म्हणून.

कोपर ते मनगट : शाळेच्या पुस्तकात अग्रबाहू, आयुर्वेदात प्रकोष्ठ. दोन्ही बोलण्यात नाहीत.

घणसोलीचा फिटर:
ताई, आमच्यात कोपराच्या वर दंड आणि कोपराखाली हात. दंडाला लागलं तर जुना माणूस हात म्हणत नाही, दंडच म्हणतो. तुमच्या वहीतला ‘हात’ बहुतेक कोपराखालचा असणार. वस्तूला वस्तू म्हणत नाही, नावच घेतो. पत्र्याची कपची गेली, लेथची चिप घुसली, ग्राइंडरचा कण गेला.

कळव्याचा डॉक्टर:
फिटरदादांशी सहमत. फॉर्मवर ‘बाह्य वस्तू’ छापा, चालेल, पण भरताना नाव लिहाच. काच आणि धातू एक्स-रेत बहुधा दिसतात. लाकडाची कपची बहुधा दिसत नाही, तिला सोनोग्राफी लागते. ‘बाह्य वस्तू’ एवढंच लिहून पाठवलंत तर पेशंटचा एक्स-रे निघेल, त्यात काही दिसणार नाही, आणि सगळे निर्धास्त.

दुसरं, कोडरताई, लॅसरेशनला तुम्ही वहीत काय लिहिणार आहात? ‘फाटलेली जखम’ लिहिणार असाल तर जपून. अमेरिकन पुस्तकात साधं कापलेलंही लॅसरेशनमध्येच जातं. आपल्याकडे पोलीस केसच्या कागदावर लॅसरेटेड म्हणजे बोथट माराने फाटलेली आणि इन्साइज्ड म्हणजे धारेनं चिरलेली. कॅज्युअल्टीत होतो तेव्हा या एका शब्दावरून वकिलाने उलटतपासणीत मला अर्धा तास उभं केलंय. बाटलीच्या काचेने झालेली जखम बहुधा चिरलेली, पट्ट्यात ओढून झालेली फाटलेली. मराठीत क्रियापदं वेगळी आहेत, ती वापरा.

ऐरोलीची कोडर:
डॉक्टर, तुम्ही क्रियापद म्हणालात आणि माझं कोडं सुटलं. मी नाम शोधत बसले होते. ‘काटा लागला’ आणि ‘काटा मोडला’ यात फरक काय? मोडला म्हणजे टोक आत राहिलं! आजी ‘पायात काटा मोडला’ म्हणाली की सुई आणि हळद घेऊन बसायची, ‘लागला’ म्हटलं तर नुसतं धुवून टाकायची. आमच्या पुस्तकाला ज्यासाठी पाचव्या जागेवर १ चा २ करावा लागतो, ते मराठी क्रियापदातच सांगून टाकते. लागली, चाटून गेली, रुतली, मोडली.

कागदावर डॉक्टरांनी आत वस्तू होती असं लिहिलेलं नसेल तर आम्हाला ‘वस्तू नाही’ हाच कोड लावावा लागतो, ‘काच’ शब्द समोर दिसत असला तरी. ती आत शिरली होती हे मी ठरवू शकत नाही, फार तर डॉक्टरांना विचारू शकते. ‘काच लागली’ ही नोंद म्हणूनच डोक्यात गेली.

नौपाड्याच्या निवृत्त शिक्षिका:
छान पकडलंस. पण ‘काच मोडली’ म्हटलं तर खिडकीची वाटेल हो!

ऐरोलीची कोडर:
हो, तिथे ‘तुकडा आत राहिला’ असं उघडच लिहिते. ते कळणं नंतरही लागतं. आत राहून गेलेल्या तुकड्याला वेगळा कोड जोडतात, काचेला झेड१८.८१, लाकडाला झेड१८.३३.

या जखमांच्या कोडच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडतात, त्याचंही असंच. ए, डी, एस. ए ला सगळे ‘पहिली भेट’ म्हणतात, ते चूक. जखमेवर मुख्य उपचार चालू असेपर्यंत ए, मग तिसऱ्यांदा का येईना. जखम भरत असताना नुसतं बघायला बोलावलं तर डी, मागे काही व्यंग राहिलं तर एस. वहीत मी ‘उपचार चालू / जखम भरतेय / मागे राहिलेला त्रास’ असे तीन चौकोन केलेत.

कळव्याचा डॉक्टर:
एक लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये एवढी फोड नाही. दंडाची उघडी जखम एस४१.१, आत वस्तू असो वा नसो. ही बारीक कोरीव कामगिरी अमेरिकेची, १ ऑक्टोबर २०१५ पासूनची. मामांच्या वहीत कोड घालू नका, शब्द पुरेत.

ऐरोलीची कोडर:
कोड नाहीतच. मामांकडून नमुना नोंद लिहून घेतली : ‘डावा हात, कोपराखाली, आतल्या बाजूला. बाटलीची काच रुतली, चिरलं. मोठा तुकडा निघाला, बारीक आत असल्याची शंका. एक्स-रेला पाठवले. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नाही.’

घणसोलीचा फिटर:
‘कोपराखाली’ वेगळं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे नवीन आलेली पोरं दंडालाही हातच म्हणतात.