चीनच्या डोंगरातल्या खेड्यात निवांत राहायचंय, सासूबाई सोबत आहेत, कुठलं गाव बरं?

कासकन्या (सातारा):
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत चीनला जायचं डोक्यात आहे पण बीजिंग, शांघाय, ती भिंत असलं काही नको. मागे एका टूरबरोबर गेलो होतो (दुसऱ्या देशात), पहाटे पाचला उठा, बस, फोटो, बस, जेवण, बस, सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं की पुढच्या वेळी मला एका गावात नेऊन सोडा आणि सात-आठ दिवस हलवू नका. त्या सत्तरीच्या पुढच्या, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. व्हिडिओत ती भातखाचरं आणि लाकडी घरं बघून त्याच जास्त मागे लागल्यात. लाँगजी, शाशी, होंगत्सुन अशी नावं वाचली, पण सगळी एकमेकांपासून लांब दिसतायत. कुणी राहून आलंय का असं?

घाटमाथा_७७:
बामणोलीला जा की. लाँच आहे, डोंगर आहे, व्हिसा लागत नाही 😄

कासकन्या:
बामणोली माझं आजोळ आहे हो, तिथं गेलं की निवांत नाही, कामाला लावतात 😂

मिरजकर_रिकामा:
ताई, पहिलं म्हणजे ती सगळी नावं एका ट्रिपमध्ये कोंबू नका. शाशी नैऋत्येकडच्या युनान प्रांतात, होंगत्सुन पार पूर्वेला आन्हुई प्रांतात, हे म्हणजे एकाच सुट्टीत दोन देश करण्यासारखं आहे. तुमच्या सासूबाईंचं ऐका, एकच भाग धरा.

मी तुम्हाला ग्वेझोऊ प्रांताचा आग्नेय कोपरा सांगेन, झाओशिंग. डोंग या तिथल्या अल्पसंख्याक जमातीचं गाव, पाच कुळं आणि प्रत्येकाचा एकेक ढोल-मनोरा, सगळा लाकडाचा, खिळा न वापरता सांधलेला, खाली बसायला बाकं, म्हातारी माणसं तिथंच पत्ते कुटत नाहीतर नुसती बघत बसलेली असतात आणि तुम्ही जाऊन शेजारी बसलात तरी कुणी हरकत घेत नाही. सासूबाईंसाठी मुद्दा असा की मुख्य रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, ओढ्याकाठानं. आणि पोचायला सोपं, ग्वांगझोऊ शहराच्या साउथ स्टेशनवरून बुलेट ट्रेननं तीन-चार तासांत त्सोंगजियांग स्टेशन, तिथून गाव बसनं पाव तासावर. ही रेल्वे लाईन २०१४ च्या डिसेंबरात सुरू झाली, त्याआधी तिकडं जायचं म्हणजे घाटातून दिवस मोडायचा.

आम्ही होतो तेव्हा सकाळी ठक-ठक आवाज यायचा, आधी वाटलं कुठंतरी बांधकाम चालू आहे. निळीत रंगवलेलं सुती कापड घडी करून दगडावर ठेवायचं आणि लाकडी मोगरीनं बडवत बसायचं, वर अंड्यातला पांढरा भाग लावतात, बडवून बडवून ते जांभळट तांब्यासारखं चकाकायला लागतं. एक आजी तासन्‌तास तेच करत होत्या, माझी बायको निम्मी सकाळ त्यांच्यापाशी बसून, भाषेचा एक शब्द न येता. डोंग लोकांचं बिनवाद्याचं समूहगान युनेस्कोच्या २००९ च्या यादीत आहे, ते संध्याकाळी पर्यटकांसाठी स्टेजवर असतंच.

खरं सांगायचं तर झाओशिंग आता अगदी शांत राहिलेलं नाही, तिकीट आहे, रात्री लायटिंग, शनिवार-रविवार गर्दी. खरी शांतता वर थांगआन गावात. गाडी जाते वर, आणि येताना ज्याला जमेल त्यानं भातखाचरांच्या बांधावरून चालत खाली यायचं. पण वरच्या गावात पायऱ्याच पायऱ्या आहेत, म्हणून मुक्काम खालीच करा, मागच्या गल्लीत. लाँगजी मात्र सासूबाईंना नको, सुंदर आहे यात वाद नाही पण खोलीपर्यंत जाताना पायऱ्या मोजायचं सोडून द्याल, सामान बायका पाठीवरच्या टोपल्यांत नेतात पैसे घेऊन.

वाईची_सून:
शाकाहाराचं कुणी बोलत नाहीये!! भाजी म्हणून जे येतं ते बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेलं असतं, दिसत नाही, चव पण लागत नाही. चिनी भाषेत एक कागद लिहून घ्या: मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, प्राण्याची चरबी नाही, मांसाचा रस्सा नाही. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ते प्रेमानं सगळं बाजूला काढून रस्सा तोच देतात. टोफू, भोपळ्याच्या वेलीचे शेंडे, चिकट भात हे मिळतं. मिरची तिकडं भरपूर, त्याची काळजी नको. तुपाचं किंवा दुधाचं काही बरोबर नेऊ नका, कस्टमला चालत नाही, म्हणजे कंदी पेढे घरीच ठेवायचे 😞

मिरजकर_रिकामा:
बरोबर. आणि तिकडं 'तेलाचा चहा' देतात, वाटीत कडक चहा आणि वरून कुरमुरे, शेंगदाणे टाकलेले, भडंग पातळ केल्यासारखं लागतं. आम्हा सांगलीकरांना आवडला, पण चहापत्ती कशात परतलीय ते आधी विचारून घ्या.

हळद_बाजार:
व्हिसाचं सांगतो. ते २४० तास बिनव्हिसा वगैरे रील बघून जाऊ नका, त्या यादीत भारत नाही, आपल्याला व्हिसा काढावाच लागतो. फ्लाईटचं बरं झालंय, कोलकाता आणि दिल्लीहून ग्वांगझोऊ थेट २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा चालू झालं. घरगुती लॉज बुक करताना आधी विचारा की परदेशी माणूस ठेवता का, कारण २४ तासांत पोलिसांकडं नोंद करावी लागते आणि छोट्या गावातले काही मालक त्या कटकटीपायी नाही म्हणतात, रात्री नऊला दारात कळलं तर सासूबाईंना घेऊन कुठं फिरणार. पैशाला अलीपे हे मोबाईलवरून पैसे द्यायचं ॲप, त्यात आपलं कार्ड जोडता येतं, पण इथूनच जोडून चालवून बघा. गुगल, व्हॉट्सॲप तिकडच्या वायफायवर बंद, आपल्या सिमचं रोमिंग घेतलं की साधारण चालतं. आणि १ ते ७ ऑक्टोबर सोडून कधीही जा, त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, अख्खा देश बाहेर पडतो.

कासकन्या:
सगळ्यांचे खूप आभार. दिवाळी यंदा नोव्हेंबरात, म्हणजे गर्दी टळली, पण भात कापून झालेलं असणार ना? सासूबाईंना हिरवं बघायचं होतं.

मिरजकर_रिकामा:
हिरवं नाही मिळणार, कापणी झालेली असेल. हिरवं पाहिजे तर जून-जुलै, पण पाऊस तुमच्या महाबळेश्वरचीच आठवण करून देईल. नोव्हेंबरात त्सोंगजियांगकडच्या गावांत लाकडी चौकटीवर भाताच्या पेंढ्या टांगलेल्या बघायला मिळतील, ते विचारा सासूबाईंना. स्वेटर घ्या, घरं लाकडाची, रात्री गारठा आत येतो.

कासकन्या:
विचारलं. म्हणाल्या पेंढ्या चालतील, स्वेटरचं बघू. व्हिसाच्या कागदांना उद्यापासून लागते.